मुक्त सॉफ्टवेअरचं पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सर्व्हर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालतात, अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच. मग मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जिंकलीच की! आता मागायचं काय उरलं?

कोड जिंकला, वापरणाऱ्याच्या पदरात मात्र फारसं काही पडलं नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त कार्यप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला त्यामागची मागणी साधी होती : प्रोग्रॅम ज्याच्याकडे आहे त्याला तो वाचता, बदलता आणि वाटता आला पाहिजे. आज फोनमधल्या कर्नलचा (कार्यप्रणालीच्या गाभ्याचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, जीपीएल या मुक्त परवान्यामुळे मागून घेता येतो. पण बूटलोडर (फोन चालू होताना कार्यप्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम) लॉक असेल तर त्यात केलेला बदल त्याच फोनवर चढवता येत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने २००७ मध्ये ही पळवाट बुजवायचा प्रयत्न केला, पण लिनक्स कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. आता परवान्यांपेक्षा मला दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यांकडून जास्त आशा आहे. बूटलोडर अनलॉक करण्याचा हक्कही त्यात यायला हवा.

प्रश्न : एक्सझेड प्रकरणानंतर फुकट राबणाऱ्या स्वयंसेवकांवर भरवसा कसा ठेवायचा?

मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं दिसलं. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. त्यांनी माग काढला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट सापडली. टेस्टसाठीच्या बायनरी फाइलींत ती दडवलेली होती. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी २०२१ पासून पॅच (कोडमधले छोटे बदल) पाठवत विश्वास कमावला होता. मूळ मेन्टेनर, म्हणजे देखभाल करणारा, एकटा आणि थकलेला. ‘काम जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’ म्हणून त्याच्यामागे मेलिंग लिस्टवर तगादा लावला गेला.

सोर्स हाताशी होता म्हणून छडा लागला हे खरं, पण त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. अब्जावधींचा धंदा ज्या लायब्ररीवर उभा आहे तिच्या देखभालीला कुणी पगार देत नाही, ही मला चोरवाटेहूनही लाजिरवाणी गोष्ट वाटते. जर्मनीत २०२२ मध्ये सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू झाला. तो अशाच पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीसाठी पैसे देतो. पुलांच्या डागडुजीला बजेट असतं तसं ते याला का नसावं?

प्रश्न : उद्या कंपनीने परवानाच बदलला तर आमच्या योगदानाचं काय?

आधी दिलेला परवाना मागे घेता येत नाही. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा मुक्त परवाना सोडला आणि काही दिवसांतच जुन्या कोडवरून व्हॅल्की हा फोर्क, म्हणजे वेगळा प्रकल्प, उभा राहिला. पुढच्या वर्षी रेडिसने एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला. तरी पॅच पाठवण्याआधी योगदान-करार (आपल्या कोडचे हक्क कुणाला देतो ते सांगणारा) नीट वाचा. सगळे हक्क एकाच कंपनीकडे जात असतील तर मी दोनदा विचार करेन.

प्रश्न : वेट्स (मॉडेलने शिकून ठरवलेले आकडे) डाउनलोड करता येणारं एआय मॉडेल मुक्त म्हणायचं का?

तेवढ्यावरून नाही. कशावर आणि कसं शिकवलं हे कळल्याशिवाय त्याचा अभ्यास अर्धवटच राहतो. शिवाय काही परवान्यांत वापरावरही अटी असतात.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही. मी काय करू?

बग नीट कळवा. ‘चालत नाही’ एवढंच नको. आवृत्ती कोणती, कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे क्रमाने लिहा. त्याआधी तोच बग कुणी नोंदवलाय का ते शोधा. आणि उत्तर आठवडाभर आलं नाही तरी तगादा लावू नका.