साक्षीदारांचा कोरा फॉर्म आणि सहा महिन्यांची मुदत

चर्चमध्ये झालेला आपला विवाह चार वर्षांत मोडला आणि दिवाणी न्यायालयाने घटस्फोट दिला. त्यानंतर आपण विवाह मुळातच शून्य होता असे ठरवून मिळावे म्हणून कॅथलिक चर्चच्या ट्रिब्युनलकडे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाकडे, अर्ज केला. तो अर्ज ‘तीन वर्षे पडून आहे’, मधल्या काळात आपण नोंदणी पद्धतीने दुसरा विवाह केला आणि आता फादर ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) देण्यास नकार देतात. तेव्हा ट्रिब्युनलच्या दिरंगाईविरुद्ध कुठे दाद मागावी, असे आपण विचारता. या धाटणीची पत्रे मला वरचेवर येतात. घटस्फोट आणि शून्यत्व यांतील फरक मी पुन्हा सांगत बसत नाही. ज्या अर्थी आपण अर्ज केला, त्या अर्थी तो आपल्याला ठाऊक आहे.

आपण जोडलेल्या कागदांपैकी ट्रिब्युनलचे शेवटचे पत्र मी दोनदा वाचले. प्रतिवादीचे लेखी म्हणणे आले आहे, वादाचा मुद्दा निश्चित झाला आहे, आता साक्षीदारांची नावे व पत्ते कळवावेत, एवढाच त्याचा मजकूर. सोबतच्या फॉर्मवर पाच ओळी आहेत. पहिल्या दोन ओळींत पेन्सिलीने नुसती दोन नावे लिहिलेली आहेत, आडनाव नाही, पत्ता नाही. खालच्या तीन ओळी कोऱ्या. मूळ फॉर्म आपल्याच घरी आहे, म्हणजे तो परत पाठवलेलाच नाही. पत्रावरील तारखेला आता दोन वर्षे उलटून गेली आहेत. दिरंगाई कुणाची झाली, हे वेगळे सांगायला नको.

१९८३च्या कॅनन कायद्यातील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्यातील, कलम १५२० असे सांगते, की कोणतीही अडचण आडवी आलेली नसताना पक्षकारांनी सलग सहा महिने खटल्यात एकही कार्यवाही केली नाही, तर तो खटला लोप पावतो. तो दर्जाने कमी होत नाही किंवा मागच्या रांगेत जात नाही, तो संपतो. पुढचे कलम १५२१ याहून कडक आहे: हा परिणाम कायद्यानेच घडतो, त्यासाठी प्रतिवादीने हरकत घेण्याचीही गरज नसते आणि ट्रिब्युनलने तो आपण होऊन जाहीर करायचा असतो. आपण दोनदा फोन करून ‘काय झाले’ असे विचारलेत, हे खरे. पण चौकशीचा फोन ही खटल्यातील कार्यवाही ठरत नाही. ‘मनःस्थिती नव्हती’ ही कायद्याच्या अर्थाने अडचण ठरेल का, याविषयी मला शंका आहे. त्या काळात आपण गंभीर आजारी असाल आणि तसे कागद असतील तर गोष्ट वेगळी. ते जरूर दाखवा. मात्र त्याच सहा महिन्यांत आपण दुसऱ्या विवाहाची नोंदणी केलीत, ही गोष्ट त्या युक्तिवादाला पोषक नाही.

एक नीट लक्षात घ्या. पुढचे पाऊल ट्रिब्युनलने टाकायचे असते आणि ते स्वस्थ बसले असते, तर हे कलम आपल्याला लागले नसते, कारण ते पक्षकारांच्या निष्क्रियतेपुरते आहे. पाळी आपली होती, म्हणूनच सारे बिघडले.

तरीही पाटी पूर्ण कोरी झालेली नाही. कलम १५२२ प्रमाणे केवळ प्रक्रियेसंबंधीची कार्यवाही विझते. खटल्याच्या आशयाचे कागद, म्हणजे आपली नोंदवलेली जबानी, माजी पतीचे लेखी म्हणणे, सादर झालेली पत्रे, त्याच दोन व्यक्तींमधील त्याच विषयावरच्या नव्या खटल्यात वापरता येतात. नव्या अर्जात त्यांचा स्पष्ट उल्लेख करून ते जोडून घेण्याची मागणी करा. ही मागणी न करता पहिल्यापासून सारे पुन्हा लिहिणारे अर्जदार मी पाहिले आहेत, आणि मग दोन जबान्यांतील तफावती प्रतिवादीच्या हाती आयत्या लागतात.

ट्रिब्युनलांच्या संथपणाविषयी माझे मत आपल्यापेक्षा सौम्य नाही. कलम १४५३ पहिल्या पायरीच्या खटल्याला एक वर्षाची मर्यादा घालते, आणि ती अनेकदा कागदावरच राहते. ८ डिसेंबर २०१५ पासून लागू झालेल्या पोप फ्रान्सिस यांच्या सुधारणेने दोन ट्रिब्युनलांचे एकसारखे निर्णय मिळवण्याची सक्ती काढून टाकली, हा मोठाच दिलासा होता. मात्र बिशपांपुढील ‘लघुप्रक्रियेची’ आपली अपेक्षा सोडून द्या: तिला दोघांची मागणी किंवा दुसऱ्याची संमती लागते, शिवाय शून्यत्व उघड दिसावे लागते. आपले माजी पती सारे आरोप नाकारतात. तेव्हा तो मार्ग बंद आहे.

साक्षीदार निवडताना घटस्फोटानंतर आपले सांत्वन करणारे लोक देऊ नका. विवाहाच्या वेळी संमती कशी दिली गेली, हा प्रश्न आहे. त्यामुळे विवाहापूर्वीचे महिने आणि पहिले वर्ष ज्यांनी जवळून पाहिले, तेच उपयोगाचे. मूल होऊच द्यायचे नाही असे पतीने विवाहाआधीच ठरवले होते, हा आपला मुद्दा आहे. तो कलम ११०१ मध्ये (संमती देतानाच विवाहाचा आवश्यक भाग मनातून वगळणे) बसू शकतो, पण नंतर बदललेले मन पुरेसे नसते. तो निर्धार विवाहाच्या दिवशी अस्तित्वात असावा लागतो. ज्या चुलत दिराजवळ पतीने तसे बोलून दाखवले होते, असे आपण लिहिता, त्याचे नाव फॉर्मवर कुठेच नाही. ते पहिले असायला हवे होते. निकालाचा अंदाज मी देणार नाही. कलम १०६० प्रमाणे संशय राहिल्यास विवाह वैध मानला जातो.

ख्रिस्तप्रसादाबाबत थोडक्यात. नुसत्या घटस्फोटाने आपण संस्कारांना मुकला नव्हता. दुसऱ्या विवाहाआधीची जी वर्षे आपण मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) मागच्या बाकावर बसून काढलीत, ती गैरसमजापोटी. आजची स्थिती वेगळी आहे, आणि केवळ अर्ज दाखल झाल्याने ती बदलत नाही. १९८१ मधील ‘फॅमिलियारिस कॉन्सोर्टियो’ या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पत्राने पती-पत्नीचे शरीरसंबंध वर्ज्य करून राहणाऱ्यांना वाट ठेवली, २०१६ मधील ‘आमोरिस लेतित्सिया’ या पोप फ्रान्सिस यांच्या पत्राच्या आठव्या प्रकरणानंतर काही ठिकाणी प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार होतो, काही ठिकाणी होत नाही. आपल्या धर्मप्रांतात काय चालते, हे फादरांना एकांतात विचारावे. हा वकिलाने सोडवायचा प्रश्न नाही.

पहिल्या विवाहातील मूल निकालानंतर अनौरस ठरेल ही भीती निराधार आहे. कलम ११३७ त्याला पूर्ण संरक्षण देते.

दुसरा विवाह चर्चच्या रीतीने करून घेण्याची तारीख मात्र आत्ता कुणाकडूनही मागू नका. कलम १०८५ च्या दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे पहिला विवाह खरोखरच शून्य असला, तरी ते रीतसर आणि निश्चितपणे सिद्ध होईपर्यंत दुसरा विवाह करता येत नाही. आणि अनुकूल निकालातही ट्रिब्युनल पुढच्या विवाहावर बंदी घालू शकते. या आठवड्यात ट्रिब्युनलच्या नोटरींना लेखी पत्र देऊन खटला लोप पावल्याची नोंद झाली आहे का, ते विचारा आणि आपल्या जबानीचा मागील खटल्यातील संदर्भ क्रमांक मागा. पत्राची पोहोच घ्या. नव्या अर्जाबरोबरच पाचही साक्षीदारांची पूर्ण नावे व पत्ते जोडा, म्हणजे तो फॉर्म पुन्हा आपल्याकडे येणारच नाही.