दुपार झाली की वादळ दाखवणारी बरणी

प्रश्न : मी हर्णैला नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर घरीच बनवलाय. काचेच्या बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलं, त्यावर लहानसं लोहचुंबक चिकटवलं आणि वर हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते विजेच्या दाबात दाखवणारा सुटा भाग) बसवून आर्डुइनोला, म्हणजे तो दाब आकड्यात वाचणाऱ्या छोट्या संगणक-पाटीला, जोडला. सकाळी आकडा ठीक असतो, पण दुपारी आभाळ निरभ्र असतानाही दाब खूप उतरलेला दिसतो. सर म्हणतात, हवेचा दाब मोजणारी तयार चिप लाव. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुझी जोडणी बरोबर आहे, ती मोडू नकोस. बरणीत कोंडलेली हवा दुपारी तापते आणि रबर वर ढकलते. बाहेरचा दाब उतरला तरी रबर असंच वर येतं. दोन्हींतला फरक चुंबकाला कळणार कसा?

हिशेब करून बघ. कोंडलेली हवा १ अंशाने तापली की तिचा दाब साधारण साडेतीन हेक्टोपास्कलने (हेक्टोपास्कल हे दाबाचं एकक) वाढतो. खोली सकाळपासून ६ अंश तापली तर झाले २० हेक्टोपास्कल! हवेचा दाब खरोखर इतका उतरायचा तर ३ जून २०२० च्या 'निसर्ग'सारखं चक्रीवादळच किनाऱ्याला यावं लागेल.

पण दुपारची सगळीच घट खोटी नाही. समुद्राप्रमाणे हवेलाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. हा उतार तुझ्या घरच्या सेन्सरवर दिसला, तर माझ्या मते प्रदर्शनात मांडण्यासारखं यापेक्षा मोठं काही नाही.

त्यासाठी कोंडलेल्या हवेचं तापमान हलू द्यायचं नाही. तुझ्या गावी बंदरावर बर्फ मिळतो आणि माशांची थर्माकोलची पेटीही. मोठी काचेची बाटली पेटीत ठेव, भोवती बर्फाचा चुरा आणि गोडं पाणी भर. बर्फ शिल्लक आहे आणि तू मधूनमधून ढवळतो आहेस तोवर तापमान शून्य अंशाला थांबेल. खारं पाणी किंवा मीठ लागलेला बर्फ नको, त्याने तापमान शून्याच्याही खाली घसरतं. बाटलीच्या बुचातून सलाईनची नळी बाहेर काढून एका उथळ डबीला जोड आणि चुंबकाचा ताणलेला पडदा आता बरणीऐवजी त्या डबीवर बसव. डबीतली हवा खोलीबरोबर तापणारच, म्हणून पडद्याखालची पोकळी होईल तितकी लहान ठेव. बाटली चांगली गार झाल्यावरच बूच घट्ट लाव.

फुग्याचं रबर मात्र बदल. त्यातून हवा हळूहळू झिरपते आणि दोन दिवसांत दाब तोच असूनही आकडा सरकतो. वेफर्सच्या पाकिटाचा आतून चकचकीत असलेला कागद त्यापेक्षा खूपच कमी हवा सोडतो. सुरकुती न पडू देता ताण आणि कडा एपॉक्सीने बंद कर.

आता आकड्यांना अर्थ द्यायचा. नळीत टी-जोड (तीन तोंडांचा जोड) घालून पाण्याने अर्धी भरलेली, इंग्रजी यू आकाराची पारदर्शक नळी लाव. तिच्या मोकळ्या बाजूत थोडं थोडं पाणी ओत. दोन्ही बाजूंच्या पातळीत १ सेंटिमीटर फरक पडला की पडद्यावर सुमारे १ हेक्टोपास्कल दाब आला. प्रत्येक सेंटिमीटरला आर्डुइनोचा आकडा लिहून आलेख काढ. आर्डुइनोचा आकडा एकाने बदलणं ही एक पायरी, ती ५ मिलिव्होल्टच्या आसपास असते. सेंटिमीटरला निदान दोन-तीन पायऱ्या हलत नसतील, तर हॉल सेन्सर चुंबकाच्या आणखी जवळ आण. काम झालं की ही नळी काढून जोड बंद कर, नाहीतर पडद्यावरचा काही दाब पाणीच खाईल.

सरांनी सांगितलेली चिपही जरूर आण, पण शेजारी ठेवायला. दोघांचे आकडे दर तासाला एकाच वहीत लिही. घर टेकडीवर असेल तर चिपचा आकडा हवामान खात्याच्या समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा कमी येईल, दर साडेआठ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल. तेवढे मिळवून मग ताडून बघ. आलेख निघाला की मला पाठव, दुपारी चारचा खड्डा त्यात दिसतो का ते मलाही बघायचंय.