केस पुंजक्याने गळताहेत? आधी सीबीसी करा

प्रश्न : मुलगा २३ वर्षांचा. संडासवाटे रक्त जायचं. कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, निघाला. स्टिरॉइड कमी केलं की त्रास परत, म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, ५० मिलिग्रॅम, सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. ह्यांनी गोळीच्या पत्रकात कॅन्सर वाचला, आता सगळीच औषधं बंद कर म्हणतात. पोट बरं होतं म्हणून रक्ततपासणी राहूनच गेली. काय करू? – एक आई, कराड

उत्तर : ताई, पत्र वाचताच तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इथे बाकीच्यांसाठी लिहिते. अ‍ॅझाथायोप्रिन लगेच थांबवायचं, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, त्याच दिवशी करायची आणि रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांना गाठायचं. स्टिरॉइडला मात्र हात लावायचा नाही. ते एकदम तोडलं तर बीपी कोसळू शकतं. पोट बरं आहे ती पुण्याईही अजून स्टिरॉइडचीच. अ‍ॅझाथायोप्रिनला रंगात यायला दोन-तीन महिने लागतात.

तुमच्या ह्यांना कॅन्सरची धास्ती वाटली, मला केसांची वाटते. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका वाढतो हे खरं, पण हजार जणांनी वर्षभर गोळी घेतली तर साधारण एकाला, तरुणांत त्याहून कमी. सुरुवातीच्या आठवड्यांत असे भसाभस केस गळणं म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताहेत याची खूण असू शकते. या औषधाचा शरीरात निचरा करणाऱ्या एनयूडीटी-१५ या जनुकातला दोष युरोपीय लोकांत क्वचित, आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. दोन्ही प्रती सदोष असल्या तर नेहमीचा डोसही शरीराला झेपत नाही. म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्या-पंधरवड्याला सीबीसी, पुढे दर तीन महिन्यांनी, लिव्हरच्या तपासणीसह. पांढऱ्या पेशी ३ हजारांखाली आणि अंगात ताप असेल, तर घरी क्रोसिन देत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आणखी एक. घरात कुणाची यूरिक अ‍ॅसिडची गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, असेल तर ती मुलाला चुकूनही देऊ नका. तिच्यामुळे अ‍ॅझाथायोप्रिनचा जोर कितीतरी पटींनी वाढतो.

जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या तर ही गोळी बाद, तिची बहीण मर्कॅप्टोप्युरीनही बाद. मग इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन आहे. महागडं आहे, आणि त्याआधी छातीचा एक्स-रे व सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते.