बायबलमध्ये जुगाराला मनाई सापडत नाही, मग ख्रिस्ती माणसाने तो खेळावा का?

तुम्ही विचारलंय की दर आठवड्याला लॉटरीचं एखादं तिकीट काढणं आणि अधूनमधून मॅचवर पैसे लावणं हे ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का. 'जुगार खेळू नको' अशी आज्ञा तुम्हाला कुठे सापडली नाही, आणि जिंकलात तर दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाच्या कामाला, द्यायची तुमची तयारी आहे. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की बायकोला यातलं काही माहीत नाही. त्याबद्दल शेवटी बोलतो.

तशी आज्ञा बायबलमध्ये खरंच नाही. दहा आज्ञांत नाही, डोंगरावरच्या प्रवचनात नाही, आणि पौलाच्या पत्रांत पापांच्या ज्या याद्या येतात त्यांतही जुगाराचं नाव येत नाही. उलट चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतल्याचे प्रसंग भरपूर आहेत. वचनदत्त देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. वादळात कुणामुळे सापडलो हे खलाशांनी चिठ्ठ्या टाकूनच शोधलं आणि योनाचं नाव निघालं. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता तेव्हा मत्थियाची चिठ्ठी निघाली. पण यातल्या एकाही चिठ्ठीवर कुणी पैसे लावलेले नव्हते. माणसाला ठरवता येत नाही ते देवावर सोपवायचं, एवढाच त्यामागचा हेतू. म्हणून हे दाखले देऊन कुणी जुगाराची बाजू घेतली तर मला पटत नाही. आणि निकाल नशिबावर सोडणं हेच मुळात पाप, हे म्हणणंही पटत नाही.

मिळकतीसाठी चिठ्ठ्या टाकल्याचा ठळक प्रसंग एकच, येशूच्या वधस्तंभाखालचा. योहानाने तो अगदी बारकाईने लिहिलाय. चार शिपाई, कपड्यांचे चार वाटे, आणि उरलेला एक अंगरखा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला, बिनशिवणीचा. फाडला तर कुणाच्याच कामाचा नाही, म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकायचं ठरतं. हा काही जुगाराविरुद्धचा नियम नाही आणि तसा तो वाचूही नये. पण दर वर्षी उत्तम शुक्रवारी हा उतारा वाचला जातो तेव्हा माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं. ज्याचा अंगरखा आहे तो हाताच्या अंतरावर आहे, आणि खेळणाऱ्यांना वर मान करून बघायची गरज वाटत नाही.

माझ्या मते जुगाराचा सगळा प्रश्न इथेच आहे. मी जिंकतो ते पैसे कुणाचे?

भाकरी विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही हाती काहीतरी पडतं. विम्यात संकटाची शक्यता आधीपासूनच असते, आपण ती सगळ्यांत वाटून घेतो. शेअर घेतला तर पैसा एखाद्या धंद्यात कामाला लागतो (सकाळी घेऊन दुपारी विकायचा खेळ मांडला तर तोही जुगाराच्या फार जवळ जातो, हे मान्य). जुगारात नवीन काहीच तयार होत नाही. माझ्या खिशात आलेला प्रत्येक पैसा दुसऱ्याच्या खिशातून गेलेला असतो आणि मध्ये खेळ चालवणारा आपला वाटा काढून घेतो. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्याच्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. एका शून्याच्या रूलेटमध्ये 37 घरं असतात. प्रत्येक घरावर एक-एक रुपया लावला तर 37 रुपये जातात, आणि जिंकलेल्या घराचे लावलेल्या रुपयासकट 36 परत येतात. दर फेरीला एक रुपया चालवणाऱ्याचा, कोण जिंकलं कोण हरलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 49 आकड्यांतून 6 निवडायच्या लॉटरीत जोड्या होतात 1,39,83,816. एका माणसाला मोठं बक्षीस मिळावं म्हणून किती जणांनी हरायला हवं, ते यावरून लक्षात येईल.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची ज्याने मान्य केलंय त्याला हे सोपं जायला नको. मला हे पुस्तकातून कळलं नाही, दादामुळे कळलं. माझा थोरला भाऊ मॅचवर पैसे लावायचा. त्याच्या खिशात एक छोटी वही असायची, त्यात फक्त जिंकलेल्या रकमा लिहिलेल्या, हरलेल्यांची एकही नोंद नाही. एका रात्री कुटुंबप्रार्थना झाली, सगळ्यांनी डोळे उघडले, त्याचे मात्र मिटलेलेच होते आणि ओठ हलत होते. नंतर त्याने मला सांगितलं, तो निकालासाठी प्रार्थना करत होता. मी बरेच दिवस त्या प्रार्थनेचा विचार करत राहिलो. तो देवाला काय मागत होता? तेवढ्याच आशेने, कदाचित तेवढीच प्रार्थना करून, ज्यांनी दुसऱ्या बाजूला पैसे लावलेत त्यांचे जावेत हेच ना? ती प्रार्थना येशूच्या नावाने कशी करायची, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं, माझ्याकडेही नाही.

ख्रिस्ती मंडळ्यांचं, म्हणजे वेगवेगळ्या चर्चचं, यावर एकमत नाही. स्पेनमधल्या एल्विरा इथे इसवी सन 305 च्या सुमारास भरलेल्या धर्मपरिषदेने, पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरवलं. खेळ सोडून सुधारला तर वर्षाने परत घ्यायचं. मेथडिस्ट ही प्रोटेस्टंट परंपरा तिच्या संस्थापकापासून, जॉन वेस्लीपासूनच, याबाबतीत कडक. शेजाऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करून कमवू नये, असं सांगताना त्याने जुगाराचं नाव घेतलंय. कॅथोलिक शिकवण वेगळ्या टोकापासून सुरू होते. धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद 2413 प्रमाणे पैज किंवा पत्त्यांसारखे खेळ मुळातच अन्यायाचे नाहीत. स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते नीतीला धरून राहत नाहीत, आणि खेळाचं वेड माणसाला गुलाम करू शकतं, असा इशाराही तिथेच आहे.

मी स्वतः या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. चार मित्र बसले, हरल्यावर कुणाच्या कपाळाला आठी पडणार नाही इतक्या पैशांवर पत्ते खेळले आणि उठले, तर त्याला मी पाप म्हणणार नाही. तिथे पैसे करमणुकीचे असतात, समोरचा कोण आहे आणि त्याला किती झेपतं हे माहीत असतं. तुम्ही लिहिलंय ते असं नाही. तिथे समोरचा दिसतच नाही, आणि घरभाड्याचे पैसे लावून बसलेला माणूसही त्यात असतो. मंडळीच्या मदतीसाठी काढलेल्या सोडतीही मला आवडत नाहीत. द्यायचंच असेल तर बक्षिसाचं आमिष कशाला?

आता दशांशाबद्दल. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता, जुगारात जिंकलेल्या पैशातून दानधर्म करता येतो का. त्यांचं म्हणणं असं: अल्पवयीन मुलाकडून किंवा वेड्या माणसाकडून जिंकलं, फसवून जिंकलं, किंवा कमाईच्या लोभाने एखाद्याला खेळायला ओढलं आणि त्याच्याकडून जिंकलं, तर तो पैसा परत करायचा असतो, दान करायचा नसतो. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर मी बराच अडलो. माणसाला खेळायला ओढणं हाच आज ज्यांचा पूर्णवेळ धंदा आहे त्यांच्याकडून आलेल्या रकमेचा दहावा भाग वेदीवर ठेवल्याने उरलेले नऊ भाग शुद्ध होत नाहीत. आणि खरं सांगा, दशांश द्यायची इच्छा पगारातून पुरी होत नाही का? दादाही असंच म्हणायचा. तो जिंकलाही दोन-तीनदा. दशांश कधी गेला नाही, पैसे पुढच्याच मॅचवर लागले.

राहिलं तुमच्या बायकोचं. तुम्ही पवित्र शास्त्रात आज्ञा शोधत होता, पण लपवायची गरज वाटली तेव्हाच तुमच्या मनाने अर्धं उत्तर दिलेलं होतं. तो पैसा दोघांच्या घराचा आहे. आज रात्री जेवणं झाली की सांगा, आणि सांगताना हरलेल्या रकमाही सांगा. दादाने वहिनीपुढे वही ठेवली तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला होता, 'यात गेलेले कुठे लिहिलेत?' त्या रात्री दोघांनी बँकेचे कागद काढून बसून बेरीज केली. पहाटेपर्यंत लागली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं कार्ड तिच्याकडे असतं, आणि ते तिने मागितलं नव्हतं, त्यानेच दिलं.

सांगून झाल्यावर तिकीट काढल्याशिवाय एक महिना राहून बघा. सहज जमलं तर चांगलंच. हात शिवशिवायला लागले, चिडचिड व्हायला लागली, तर एकट्याने झगडू नका. तुमच्या पाळकांशी बोला, आणि गॅम्बलर्स ॲनॉनिमस या, जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या गटाच्या बैठकीला जा. 1957 पासून ही मंडळी एकमेकांना धरून आहेत, आणि तिथे कुणी तुम्हाला वचनं वाचून दाखवून झोडपणार नाही. दादाही जातो.