‘तिला ठाऊक नव्हतं’ असं लिहू नकोस

प्रिय मैत्रिणी,

फ्रेंच राजवटीतल्या व्हिएतनामवरच्या ‘अँदोशीन’ (1992) या चित्रपटावरचा तुझा लेख वाचला. चित्रपट बघताना रडलीस आणि नंतर त्या रडण्याचीच लाज वाटली, असं लिहिलंयस. आता प्रेमावर लिहू की वसाहतीवर, हा तुझा घोळ. अगं, हे दोन विषय नाहीतच. लाज सोड आणि एक वाक्य आधी खोड : ‘एलियानला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.’

तिला ठाऊक होतं. रबराच्या मळ्याची फ्रेंच मालकीण आहे ती. पळून गेलेल्या मजुराला स्वतःच्या हाताने फटके मारते, आईला पोरांना मारायला आवडतं का, असं त्यालाच विचारते, आणि तो बिचारा तिला मायबाप म्हणतो. एवढा प्रसंग तू एका ओळीत उरकलास!

त्याच आईपणाने तिने कामीयला वाढवलं. मुलगी अन्नमच्या, म्हणजे मध्य व्हिएतनामच्या राजघराण्यातली, अनाथ. तिच्या जमिनीही मळ्यात आल्या. नौदलातला जाँ-बाप्तिस्त आधी एलियानचा प्रियकर. मुलगी त्याच्यात गुंतली, तशी आईने ओळखी वापरून त्याची पार उत्तरेला, टोंकिनला बदली करवली. मुलगी त्याच्यामागे पायी निघते. वाटेत ज्या कुटुंबाने तिला सोबत घेतलं, त्यांची प्रेतं तिला मजुरांच्या बाजारात दिसतात आणि ती फ्रेंच अधिकाऱ्यावर गोळी झाडते. मुलीला एका वाटेवर दिसलं ते आईला आयुष्यभर दिसलं नाही? नाही. तिला ठाऊक होतं.

पडद्याबाहेरही ठाऊक नसण्याची सोय नव्हती. मळ्यांसाठी मजूर भरती करणाऱ्या बाझँचा 9 फेब्रुवारी 1929 रोजी हनोईत खून झाला. पुढच्याच फेब्रुवारीत येन बायला फ्रेंच सैन्यातल्या व्हिएतनामी शिपायांनी बंड केलं, आणि फू रियेंगला मिशलँ या टायर कंपनीच्या रबराच्या मळ्यावर मजूर संपावर गेले. हे सगळं मळेवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर बोललं जात असणारच.

मला लोक रसभंग करणारी म्हणत. एका संपादकाने माझ्या लेखातला मजुरांचा परिच्छेद उडवला आणि एलियान साकारणाऱ्या कातरीन दनवच्या पोशाखांवरचा तेवढा ठेवला. मी त्यांच्याकडे लिहिणं बंद केलं. सदर गेलं, वाचक गेले. त्याची हळहळ अजून आहे. तरी आजही तेच करीन. हालोंगच्या खाडीत कामीय आणि जाँ-बाप्तिस्तची नाव भरकटते तेव्हा मीही रडते. पण ते प्रेम त्या नावेत का येऊन पडलं, हे लिहायचं नाही तर मग लिहायचं काय?

शेवटचं. 1936 मध्ये पुलो कोंदोर बेटावरच्या तुरुंगातून सुटलेली कामीय आईकडे, स्वतःच्या मुलाकडेही परतत नाही. तू तिला ‘निष्ठुर’ म्हटलंयस. त्या घरात राहायचं तर तिला रोज नव्याने डोळे मिटावे लागले असते. तो शब्द काढ. मजुराच्या प्रसंगाला पूर्ण परिच्छेद दे आणि रविवारपर्यंत पुन्हा पाठव.