अणुअपघातानंतर गुरंमेंढ्यांवर किती वर्षं परिणाम राहील, हे आधी सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की अणुअपघातात बाहेर पडणाऱ्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी धातूचं हाफ लाइफ, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, ३० वर्षं, मग ३० वर्षांनी तिथे जनावरं बिनधास्त चारायची का. नाही हो. एक तर ३० वर्षांनी निम्मंच कमी होतं, निम्मं उरतं, पण खरी गोची ती नाहीच, गोची मातीत आहे. शेतकी कॉलेजात माझा विषय मातीच होता, त्यामुळे या प्रश्नावर मला हटकून ब्रिटनच्या मेंढ्या आठवतात.

२६ एप्रिल १९८६ला सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, मेच्या सुरुवातीला तिथला किरणोत्सारी ढग ब्रिटनवर आला आणि नेमका तेव्हाच इंग्लंडमधला कंब्रिया, नॉर्थ वेल्स, स्कॉटलंडच्या डोंगरांवर धो धो पाऊस पडला, झालं, सीझियम सगळं गवतावर. आधी सरकार म्हणालं काही धोका नाही. मग जूनमध्ये मेंढ्या हलवायला आणि कापायला बंदी, मांसात किलोमागे १००० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर सीझियम चालणार नाही, आणि वर सांगितलं काय तर तीनेक आठवड्यांचा प्रश्न आहे. शेवटची बंदी उठली जून २०१२मध्ये!

बरं, तीन आठवडे हा आकडा अगदीच हवेतला नव्हता. मेंढीला स्वच्छ चारा मिळाला तर तिच्या अंगातलं सीझियम काही आठवड्यांत लघवी-शेणातून बरंच उतरतं. आणि सखल भागातल्या चिकणमातीत सीझियम मातीच्या थरांमध्ये असं अडकून बसतं की मुळांच्या हाताला लागतच नाही. तज्ज्ञांच्या डोक्यात ही माती होती. डोंगरावरची माती म्हणजे अर्धवट कुजलेला पालापाचोळा, आम्लधर्मी, चिकणमाती नावाला, पोटॅशही कमी. सीझियम रसायनात पोटॅशियमचं भावंड, त्यामुळे उपाशी झाड ते आनंदाने उचलतं, मेंढी ते गवत खाते, तिथेच लेंड्या टाकते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यात शेतकऱ्यांचं कोणी फारसं ऐकलं नाही, ते मला जास्त खटकतं. ब्रायन विन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने कंब्रियात जाऊन यावर लिहिलंय. बेंटोनाइट नावाची चिकणमाती टाकून सीझियम अडकतं का हे बघायला तज्ज्ञांनी कुंपण घालून मेंढ्या कोंडल्या, शेतकरी आधीच सांगत होते की डोंगरावर मोकळ्या फिरणाऱ्या मेंढ्या अशा कोंडल्या तर खंगतील, शेवटी प्रयोग गुपचूप गुंडाळला. कोणी सल्ला दिला की पेंढा घाला, मेंढपाळ म्हणाले मेंढी पेंढ्याकडे ढुंकून बघत नाही. त्यात सेलाफिल्डचा अणुप्रकल्प शेजारीच, तिथली १९५७ची आग लोक विसरले नव्हते.

मग बंदीतल्या भागातून मेंढी विकायची कशी? मेंढीच्या ढुंगणावर किरणोत्सार मोजायचा काउंटर धरायचा, आकडा जास्त आला की तिच्यावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि खाली स्वच्छ कुरणात सोडायची. जागा बदलली की काही आठवड्यांत आकडा खाली, जागा तीच ठेवली तर वर्षानुवर्षं तसाच.

तर अंदाज येतो का? येतो, पण त्याच कुरणातलं गवत, दूध, मांस काही वर्षं सलग मोजलं तर. घट सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर रेंगाळते, सगळे पहिल्या उताराची रेघ पुढे ओढतात आणि तिथेच फसतात. २०००मध्ये शास्त्रज्ञांनी १४ वर्षांची मोजमापं बघून ब्रिटनमध्ये अजून १०-१५ वर्षं लागतील असं लिहिलं, १२ लागली. तरी नॉर्वेसारखं ठिकाण असेल तर तेही डळमळतं, कारण तिथे ज्या वर्षी रानात मशरूम दणकून उगवतात त्या वर्षी मेंढ्या-रेनडियर ते चापून खातात आणि मांसातला आकडा परत चढतो.

कमी करायचे उपाय आहेत, शेतात पोटॅश खत, आणि जनावरांच्या चाऱ्यात किंवा चाटायच्या मिठात प्रशियन ब्लू नावाचं निळं रंगद्रव्य, ते आतड्यात सीझियम धरून शेणावाटे बाहेर काढतं. नॉर्वेत ते वापरतात. डोंगरभर खत टाकणं मात्र कोणाला परवडत नाही.