पहिलं वर्ष, शुक्रवारची सभा आणि वरच्या मजल्यावरच्या काकू

पत्र

ताई, सलाम. आमच्या लग्नाला पाच महिने झाले. माहेर-सासर दोन्ही श्रीरामपूरकडचं, आम्ही दोघं चिंचवडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी स्टाफ नर्स आहे, हे चाकणला कंपनीत आहेत. ह्यांना सुवार्तेची, म्हणजे येशूविषयी लोकांना सांगण्याची, फार ओढ. दर शुक्रवारी घरी प्रार्थना सभा असते, दहा-बारा माणसं येतात आणि साडेदहापर्यंत चालतं. मी ड्यूटीवरून येऊन पोहे-चहा करते. रविवारी उपासनेनंतर घरभेटी. मागे एका शुक्रवारी ह्यांनी साक्ष देताना, म्हणजे प्रभूचा अनुभव सांगताना, आमच्या दोघांचं भांडण सगळ्यांसमोर सांगितलं. गणपतीत वरच्या मजल्यावरच्या काकू प्रसाद घेऊन आल्या, तो ह्यांनी दारातूनच परत केला आणि वर त्यांच्या हातात सुवार्तेची छापील पत्रिका दिली. तेव्हापासून काकू जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. वॉर्डातल्या पेशंटशीही प्रभूविषयी बोल, असं हे सांगतात. सासूबाई म्हणतात, प्रभूच्या कामात दमायचं नसतं. मी मात्र दमते. माझा विश्वास कमी आहे का?

उत्तर

प्रिय लेकी, सलाम.

विश्वास कमी पडल्याचं मला तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की तुझा अख्खा आठवडा तुला न विचारता ठरतो आणि तो निस्तरतेस मात्र तू. तुझ्या नवऱ्याची ओढ खरी आहे, तिला नावं ठेवू नकोस. पण संसाराला जी वर्षं लागतात, त्यांतलं पहिलं वर्ष तो परस्पर खर्च करतोय.

आधी दोघं मिळून बायबलमधल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायाचं 5 वं वचन वाचा. नवं लग्न झालेल्या पुरुषाला लढाईवर पाठवू नये, त्याच्यावर दुसरं कुठलं कामही टाकू नये, एक वर्ष त्याने घरी मोकळं राहून बायकोला आनंदी करावं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. लढाईच्या वेळीही ही सवलत होती, मग घरभेटींना ती नक्कीच लागू पडते. त्याचा अर्थ वर्षभर दार लावून बसा असा मी काढत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायातले अक्विला आणि प्रिस्किल्ला बघ. दोघं राहुट्या करायचे, पौल त्यांच्या घरी राहिला, पुढे मंडळी, म्हणजे तिथली ख्रिस्ती माणसं, त्यांच्याच घरात जमायची. अपुल्लोस नावाच्या उपदेशकाचं शिक्षण अपुरं आहे हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी त्याला चारचौघांत टोकलं नाही, बाजूला घेऊन समजावलं. ह्या जोडप्याचं नाव शास्त्रात जिथे येतं तिथे दोघांचं मिळून येतं. तुमच्या घरात सभा एकाची आणि स्वयंपाकघर दुसरीचं, अशी वाटणी झाली आहे. दमतेस ती त्यामुळे.

तुझ्या ड्यूटीचा रोस्टर हातात आला की त्याच संध्याकाळी दोघं कॅलेंडर घेऊन बसा. आधी तुझ्या नाईट आणि त्यानंतरचे झोपेचे दिवस भरा, मग त्याच्या शिफ्ट. मग आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त तुमच्या दोघांसाठी ठेवा, त्या संध्याकाळी पाहुणे नाहीत आणि मंडळीचे फोनही नाहीत. हे सगळं भरून जे उरेल त्यात सभा आणि भेटी बसवा. क्रम उलटा झाला, म्हणजे सभा आधी आणि उरलेल्या वेळात संसार, तर संसाराला काही उरत नाही. नाईट करून आलेल्या दिवशी घरी सभा ठेवायची नाही, हे आताच ठरवून टाका.

सभा बंद करू नका, लहान करा. पंधरा दिवसांतून एकदा, साडेसात ते साडेआठ. मधल्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने घ्यावी. दोन गाणी, दहा-पंधरा वचनांचं वाचन, त्यावर वीस मिनिटं बोलणं आणि प्रार्थना. वेळ लांबते ती बहुतेक प्रार्थनेत. एकेक जण सगळ्या जगासाठी मागतो आणि मध्येच कुणाचा तरी दुसरा संदेश सुरू होतो. म्हणून आधीच सांगून ठेवावं, एकाने एकाच विषयासाठी प्रार्थना करायची, आणि शेवटची कोण करणार त्याचं नावही आधी ठरवायचं. बारा माणसांना हॉलमध्ये स्पीकर लागत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहेच, पण शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं झोपलेलं असतं, हे कारण मला जास्त मोठं वाटतं. पोहे बंद. बारा कपांना एक लिटर दूध आणि अर्धा लिटर पाणी पुरतं, सोबत बिस्किटं, आणि चहा ठेवायचा तो नवऱ्याने. तू त्या वेळी हॉलमध्ये बसून वचन वाच.

आता भांडणाचं. साक्षीत स्वतःची चूक सांगावी, जोडीदाराची नाही. बायकोचा राग, तिची पाळी, मूल कधी होणार, सासर-माहेरचे पैसे, ह्यांतलं काहीही तिला आधी विचारल्याशिवाय सभेत यायला नको. ‘ह्यांच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणूनही नको, कारण घरातल्या गोष्टी बहुतेक ह्याच वाटेने बाहेर पडतात. तुझ्या संमतीवाचून जे सांगितलं गेलं त्याबद्दल त्याने तुझी माफी मागायला हवी. तुम्हा दोघांच्या प्रार्थनेतही एक गोष्ट जपा. ‘प्रभू, हिला सहनशीलता दे’ किंवा ‘ह्यांना घराची जबाबदारी कळू दे’ असं दुसऱ्याला ऐकू जाईल असं मागायचं नाही. ते देवाच्या नावाखाली केलेलं भांडण असतं, आणि त्याला उत्तरही देता येत नाही. जे बोलायचं ते जेवताना बोला. कुटुंब प्रार्थना दहा मिनिटांची पुरे. मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16 अध्याय आहेत, रोज अर्धा वाचलात तर महिनाभरात संपेल. एक दिवस तू वाच, एक दिवस त्याने. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, जिथे थांबलात तिथून पुढे जा.

काकूंच्या घरी दोघांनी जा. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आधी, दहा मिनिटांसाठी. पत्रिका नको, शुभवर्तमानाची प्रत नको, शुक्रवारचं आमंत्रणही नको. बोलायचं त्याने: “काकू, तुम्ही मायेने आणलंत आणि मी दारातून परत पाठवलं. माझं चुकलं, माफ करा.” इथेच थांबायचं. पुढे ‘पण आमच्या धर्मात’ असं सुरू झालं की माफीचा खुलासा होतो आणि काकूंना पुन्हा तेच ऐकून घ्यावं लागतं. त्या ‘असू दे’ म्हणून विषय बदलतील, तर तुम्हीही बदला.

प्रसादाविषयी आपल्या मंडळ्यांत एकमत नाही. कुणी शेजाऱ्याचं प्रेम म्हणून घेतो, कुणी मूर्तीपुढे ठेवलेलं म्हणून नाही घेत. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा 8 वा आणि 10 वा अध्याय दोघं मिळून वाचा आणि पुढच्या गणपतीआधी काय ते ठरवा. घ्यायचा नाही असं ठरलं तरी माणसाला दारात उभं ठेवायचं नाही. आत बसवा, पाणी द्या आणि सरळ सांगा, “काकू, आम्ही प्रसाद खात नाही, राग मानू नका, बाकी तुमच्या हातचं काहीही आवडीने खाऊ.” दिवाळीचा फराळ घ्यायचा आणि डबा रिकामा परत करायचा नाही. नाताळात तुझ्याकडच्या करंज्या, अनारसे आणि चिवडा सगळ्या मजल्यांवर जाऊ दे. तू गळ्यात मंगळसूत्र घालत असशील तर ‘तुमच्यातही घालतात का?’ असं कुणीतरी विचारेलच. बोलणं अशाच प्रश्नांतून सुरू होतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे, आदर राखून द्या, असं सांगितलं आहे. तिथे विचारणारा आधी येतो, हे नवऱ्याला दाखव.

विचारलं तर सांगायला दोन मिनिटांची साक्ष तयार ठेव. प्रभूवर भरवसा कशासाठी ठेवावासा वाटला, कुठल्या प्रसंगी तो टिकला आणि आज रोजच्या जगण्यात त्याने काय फरक पडतो, एवढंच. तारण, अभिषेक, रक्ताने धुतलं जाणं, हे शब्द मंडळीत सगळ्यांना कळतात, जिन्यात उभ्या असलेल्या काकूंना त्यांतून काही पोचत नाही. तिथे ‘क्षमा मिळाली’, ‘भीती गेली’ असं म्हण. समोरच्याच्या देवाबद्दल एक अक्षर वावगं बोलायचं नाही. दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुष्ट हेतूने दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याचा अपमान करून त्याच्यापर्यंत शुभवर्तमान पोचत नाही. कुणी अडचण सांगितली तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं आधी विचार. हो म्हटलं तर अर्ध्या मिनिटाची, त्यांच्या भाषेतली, डोक्यावर हात न ठेवता. नको म्हटलं तर घरी येऊन कर. बरं वाटेलच, नोकरी लागेलच, असा शब्द देऊ नका. तो खोटा ठरला तर त्या माणसाचा देवावरचा उरलासुरला भरवसाही जातो.

घरभेटींना दोघांनी मिळून जायचं, वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, महिन्यातून दोन रविवार. तू घड्याळाकडे पाहिलंस की त्याने उठायचं, अशी खूण ठरवून ठेवा. एकट्या बाईच्या घरी त्याने एकट्याने प्रार्थनेला जाऊ नये. सोसायटीतल्या मुलांना आईवडिलांना विचारल्याशिवाय बायबलच्या गोष्टी सांगायला बसवू नये. आणि कुणाला मदत केली, तांदूळ दिले, फी भरली, तर त्याच भेटीत प्रभूचा विषय काढू नये. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून.

ह्याच कारणाने वॉर्डातल्या पेशंटशी ड्यूटीवर असताना सुवार्ता बोलू नकोस. पलंगावरचा माणूस तुझ्या हातून सलाईन घेत असतो, त्याला तुझ्यापासून उठून जाता येत नाही. पेशंटने स्वतःहून प्रार्थनेची विनंती केली तर नातेवाइकांसमोर, सिस्टर इन्चार्जला सांगून, चार वाक्यांची कर. तू सुई टोचताना दुखू नये म्हणून जी काळजी घेतेस आणि रात्री तीनला बेल वाजली तरी वैतागत नाहीस, ती तुझी तिथली साक्ष आहे. नवऱ्याला ती दिसत नाही, कारण तो तिथे नसतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटलं. गुजरात, मध्य प्रदेश अशा राज्यांत वेगळे, कडक कायदे आहेत आणि आमिषाची व्याख्या तिथे रुंद आहे. नवऱ्याची बदली झाली तर तिथल्या पाळकांना (चर्चच्या पास्टरना) आणि वकिलाला विचारूनच घरी सभा सुरू करा. चिंचवडलाही पाळक साहेबांना तुमच्या सभेची कल्पना असलेली बरी, आणि महाराष्ट्रात आज काय कायदा आहे तेही विचारून घ्या.

सासूबाईंना उत्तर तू द्यायचं नाही, त्यांच्या मुलाने द्यायचं. “आई, शुक्रवार आता पंधरवड्याने असेल, मी ठरवलंय,” एवढं त्याने फोनवर सांगितलं की विषय मिटेल. ‘ती दमते’ असं सांगू नये, नाहीतर दोष तुझ्याच अंगावर येतो.

विश्वासाला घाई चालत नाही, हे तुमच्याच नगर-राहुरीच्या मातीतलं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर साधारण पाच वर्षांनी. मधल्या काळात ताटातूट झाली, दुःख झालं, पण लक्ष्मीबाईंचा निर्णय शेवटी लक्ष्मीबाईंनीच घेतला. एवढ्या मोठ्या कवीच्या घरात एका माणसाला इतकी वर्षं लागली, तर काकूंना एका पत्रिकेत काय व्हायचं होतं?

हे सगळं करून दोन महिन्यांत काही बदललं नाही, म्हणजे सभा तशीच दर आठवड्याला, तुझं बोलणं तसंच दुर्लक्षित, तर पाळक साहेब आणि त्यांच्या पत्नी बाईसाहेब दोघांना एकत्र भेटा. फक्त साहेबांना भेटलात तर तुझा नवरा सेवेविषयी बोलेल आणि स्वयंपाकघराचा विषय निघणारच नाही. तो रागाने तुला गप्प करत असेल किंवा हात उचलत असेल, तर मात्र दोन महिने थांबू नकोस. त्याच दिवशी माहेरी कळव. महिलांसाठीचा 181 हा हेल्पलाइन क्रमांकही लक्षात ठेव.

तसं काही नसेल, आणि तुझ्या पत्रावरून नसावं, तर हे उत्तर त्याला वाचायला दे. शुक्रवारी देऊ नकोस, भांडणानंतरही नको. तुम्हा दोघांना सुट्टी असेल त्या सकाळी, चहा झाल्यावर दे, आणि तो वाचेपर्यंत रोस्टर आणि कॅलेंडर टेबलावर काढून ठेव.